बुडालेल्या कंपनीचे प्रवासी

आमच्या ऑफिसात जुने कॅटलॉग दर सीझनला निळ्या डब्यात जातात आणि पुढच्या मंगळवारी रद्दीची गाडी येऊन ते घेऊन जाते. किस्से न्यायला कुठलीच गाडी येत नाही. ते आपले साठत राहतात, आणि कोणी नुसतं "काय गं, सध्या काय चाललंय?" एवढं विचारलं, की एकामागून एक बाहेर पडतात.

मी बॉबलिंगेनला एका छोट्याशा राइझेब्युरोत काम करते. म्हणजे आपल्याकडच्या टूर्स अँड ट्रॅव्हल्सच्या दुकानात. दोन टेबलं, एक प्लास्टिकचं पामचं झाड, मालकीण फ्राउ हेगेले आणि मी. नवरा गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, मी लोकांना विमानात बसवते. कोणाचं काम जास्त क्रॅश होतं, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेलं नाही.

इथली बरीचशी मराठी मंडळी माझ्याकडेच सुट्टीचं बुकिंग करतात. त्यामुळे त्या ऑगस्टमध्ये ती मोठी टूर कंपनी बुडाली, तेव्हा जर्मन गिऱ्हाइकं ऑफिसात आली आणि मराठी गिऱ्हाइकं थेट माझ्या फोनमध्ये शिरली!

नाव घेत नाही कंपनीचं. तिच्या जाहिरातीत एक हसरा सूर्य असायचा, एवढं सांगते. मावळला बिचारा.

*

सुरुवात मात्र त्याआधीच्या एका कागदापासून करायला हवी.

जर्मनीत तुम्ही विमान आणि हॉटेल असं एकत्र पॅकेज घेतलंत, की पैसे भरायच्या आधी एक कागद हातात मिळतो. त्याचं नाव सिशरुंग्सशाइन. अर्थ साधा आहे: टूर कंपनी बुडाली तर तुमचे पैसे परत, आणि तुम्ही तिकडे अडकला असाल तर तुम्हाला घरी आणण्याची सोय. त्यासाठी टूर कंपन्या मिळून एका निधीत पैसे भरत असतात.

फ्राउ हेगेलेंचा नियम एकच. हा कागद गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी बसवायचं आणि कागद मोठ्याने समजावून सांगायचा.

नीलेश दाभाडे आणि त्याची बायको केतकी ऑक्टोबरसाठी तुर्कस्तानची सहल बुक करायला आले, तेव्हा मी नियमाप्रमाणे सुरू केलं. "हे बघ नीलेश, समजा ही कंपनी बुडाली..."

"अगं, शुभ बोल की!" नीलेश खुर्चीतून अर्धा उठलाच. "आत्ता कुठे स्विमिंग पूल असलेलं हॉटेल मिळालंय. आणि तू आधीच बुडवतेस!"

"पण नियम आहे."

"नियम तुझा, कान माझे. दे तो कागद इकडे. बुडालीच कधी तर वाचीन."

त्याने कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली. फ्राउ हेगेलेंना मराठीतलं अक्षर कळत नाही, पण त्या पुडीकडे बघून त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे हा गृहस्थ धुण्याच्या आधी खिसे तपासत नसणार."

*

कंपनी बुडाल्याची ई-मेल गुरुवारी सकाळी आली. शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या अजून संपायच्या होत्या. अर्धं बॉबलिंगेन कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पालथं पडलेलं.

फ्राउ हेगेलेंनी मेल वाचली. परत एकदा वाचली. चष्मा पुसला. मग मला म्हणाल्या, "अमृता, कॉफी कर. मोठा थर्मास."

त्या या धंद्यात माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत, त्यामुळे त्यांनी असे दिवस पाहिलेले होते. "पहिल्या तासात लोक रडतात," त्यांनी मला समजावलं, "दुसऱ्या तासात ओरडतात. तिसऱ्या तासात ज्याने कॉफी पाजली, त्याचं ऐकतात."

मग त्यांनी मार्कर घेतला आणि दारावर एक कागद चिकटवला: ‘होय, आम्हाला कळलंय. नाही, आम्ही पळालेलो नाही. आत कॉफी आहे.’

इकडे आमच्या मराठी कट्ट्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वणवा पेटलेला.

"सगळ्यांचे पैसे गेले!!"

"कोणाचे?"

"ते माहीत नाही. पण गेले."

"विमानतळावर लोकांना उतरवतायत म्हणे."

"कुठल्या विमानतळावर?"

"एका."

मी सगळ्यांसाठी मिळून एक लांबलचक मेसेज लिहिला. पॅकेज आहे त्यांनी घाबरू नका, कागद शोधून ठेवा, हॉटेलात आहात तर तिथेच थांबा, मी एकेकाला फोन करते. मुद्दे घातले, सोपं मराठी लिहिलं, दोनदा तपासलं आणि पाठवलं.

पहिलं उत्तर लगेच आलं. "थँक्स अमृता, फार छान समजावलंस. म्हणजे गणपतीचा हॉल कॅन्सल ना?"

*

त्या दिवशी सगळ्यात अवघड जागी होती शरयू पाटणकर. ती, तिचा नवरा आणि सासूबाई मायोर्का बेटावर होते आणि नेमका त्यांचा परतीचा दिवस. हॉटेलचा मॅनेजर काउंटरवर म्हणाला, "तुमच्या कंपनीने आम्हाला पैसे दिलेले नाहीत. आठवड्याचे पैसे भरा, मग सामान बाहेर न्या."

शरयूचा फोन आला तेव्हा तिचा आवाज कापत होता. "अमृता, आम्ही तुझ्याकडे सगळे पैसे भरलेत ना गं? आता परत भरायचे?"

"अजिबात नाही. पैसे देऊ नका, कशावर सही करू नका. निधीकडून हमीपत्र निघतंय, ते मी हॉटेलला पाठवते. तोवर शांतपणे लॉबीत बसा."

"बसलोय. म्हणजे आई बसल्यात. त्या म्हणतात, मी इथून हलणार नाही."

शरयूच्या सासूबाई म्हणजे कुसुमकाकू. सांगलीला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, इंग्रजी शिकवायच्या. लॉबीच्या बरोबर मध्यात एक खुर्ची ओढून त्या बसल्या, पर्स मांडीवर, पाय जुळवलेले. आणि त्यांनी मॅनेजरला बोटाने जवळ बोलावलं. शरयू सांगते, तो आला, आणि येता येता त्याने शर्ट नीट आत खोचला!

मी निश्चिंत झाले. म्हटलं, काकू बसल्यात म्हणजे किल्ला लढणार.

तासाभराने हमीपत्र हातात आलं. ते पाठवलं हे सांगायला मी फोन केला, तर शरयू रडवेली. "अगं, इथे भलतंच झालंय. आई म्हणतायत, पैसे देऊन टाका!"

"काय?"

"तू बोल त्यांच्याशी."

काकू फोनवर आल्या. "अगं अमृता, या मुलाचं नाव मिगेल. त्याच्या हॉटेलला त्या मेल्या कंपनीने उन्हाळाभर एक पैसा दिलेला नाही. स्वयंपाक्याचा पगार थकलाय. बायको बाळंत व्हायचीये. रडला गं तो माझ्यासमोर. आपण याच्या गाद्यांवर झोपलो, याचं खाल्लं, आणि आता कागद दाखवून निघून जायचं? शोभतं का?"

"काकू, तुम्ही आपल्या बाजूने बसला होतात ना?"

"मी ज्याचं बुडालंय त्याच्या बाजूने बसते. आधी वाटलं, आपलं बुडालं. आता कळलं, त्याचं."

"काकू, प्लीज! निधी आता त्यांच्याशी बघून घेईल. आज तरी बाजू बदलू नका, निधीने तुमचं विमान ठरवलंय!"

मॅनेजरने हमीपत्र वाचलं, शरयूकडे बघून मान हलवली आणि स्वतः तिघांच्या बॅगा उचलून टॅक्सीत ठेवल्या. काकूंनी निघताना त्याला आशीर्वाद दिला, तो इंग्रजीतून. "मुलगी झाली तर शिकव," असं बजावलंदेखील!

*

आता चिन्मय सोमणचं ऐका. हा नेकारसुल्मला कारखान्यात इंजिनिअर. हा माझ्याकडे कधी बुकिंग करायचा नाही. आयुष्यातली प्रत्येक गोष्ट हा एक्सेलमध्ये घालतो. विमान एका वेबसाइटवर, हॉटेल दुसऱ्या वेबसाइटवर. "तुमच्या त्या पॅकेजमध्ये प्लास्टिकच्या झाडाचंही भाडं लावलेलं असतं," असं मला तोंडावर सांगायचा.

त्याला मैत्रिणीला, जान्हवीला, लिस्बनला नेऊन लग्नाचं विचारायचं होतं. अंगठी घेतलेली. आणि नेमकी विमानाची सीट त्याने त्याच हसऱ्या सूर्यवाल्या कंपनीकडून घेतलेली. नुसती सीट.

शुक्रवारी तो ऑफिसात आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझा तो कागद कुठे मिळेल?"

मला सांगताना खरंच वाईट वाटत होतं. "चिन्मय, तुला कागद नाही. तो फक्त पॅकेजला असतो. तू नुसतं विमान घेतलंयस."

"पण हॉटेलही घेतलंय!"

"दुसऱ्याकडून."

"त्याच दिवशी घेतलंय! त्याच लॅपटॉपवर, एका बैठकीत! मी मधे चहालाही उठलो नाही! हे पॅकेज नाही तर काय आहे?"

फ्राउ हेगेले आपल्या टेबलावरून ऐकत होत्या. त्यांनी मला भाषांतर करायला लावलं. मग त्या चिन्मयकडे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "गेनाऊ. तुमचं बरोबर आहे. ते पॅकेजच आहे. फक्त त्या पॅकेजचे आयोजक तुम्ही स्वतः आहात. आल्झो, आयोजक बुडाला. आता तुम्ही तुमच्याकडे रीतसर अर्ज करा."

चिन्मय थोडा वेळ पामच्या झाडाकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही. वर्षभर बेत आखला होता पोराने.

शेवटी दोघं रेल्वेने बोडनझे तलावावर गेले. पाऊस कोसळत होता. बोटीच्या धक्क्यावर एका छत्रीखाली त्याने विचारलं आणि जान्हवी हो म्हणाली. वर म्हणाली, "लिस्बनला विचारलं असतंस तर मी लिस्बन बघत बसले असते."

पुढे त्यांचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा मी हजर होते. अधिकारी बाईंनी सहीसाठी कागद पुढे केला. चिन्मयने आधी तो उलटा करून मागची बाजू वाचली!

*

दाभाड्यांना पैसे परत मागायचे होते. त्यासाठी कागद हवा. नीलेशने खिसे तपासले, फाइली तपासल्या, गाडी तपासली. शेवटी तो कागद फ्रिजवर सापडला, चुंबकाखाली. केतकीने तो धुण्यातून वाचवून लेकीला चित्र काढायला दिला होता. मागच्या कोऱ्या बाजूवर ईराने जलपरी काढलेली. हिरवे केस, जांभळी शेपटी, आणि गळ्यात नीलेशचं ऑफिसचं ओळखपत्र.

ईरा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. आई म्हणाली, "ईरा, हा कागद लागतोय गं." तिने मान जोरात आडवी हलवली, "नाइन." तिथे भाषांतराची गरज पडली नाही.

अर्धा तास वाटाघाटी झाल्या. तडजोड अशी ठरली, की कागद कुठेही जाणार नाही, फक्त त्याचा स्कॅन जाईल. आणि स्कॅन करायचा तर दोन्ही बाजूंचा. जलपरीला वगळायचं नाही!

नीलेशने निमूटपणे दोन्ही बाजू पाठवल्या.

आठवड्याने निधीच्या ऑफिसातून हेर, म्हणजे श्रीयुत, फोग्ट नावाच्या गृहस्थांचा फोन माझ्याकडे आला. अतिशय गंभीर आवाज. "दाभाडे प्रकरणात पान एक स्पष्ट आहे. पान दोनबद्दल एक प्रश्न आहे."

"ते... ते मुलीने काढलेलं चित्र आहे."

"ते दिसतंय. त्याबद्दल नाही." कागद सरकवल्याचा आवाज आला. "ही व्यक्ती प्रवाशांच्या यादीत नाही. तिचाही दावा आहे का?"

मी खुर्चीत ताठ बसले. मग फार लांबून, जणू दुसऱ्याच खोलीतून, एक हसणं ऐकू आलं. जर्मन ऑफिसच्या शिस्तीत हसायचं झालं, तर तोंड फोनपासून लांब नेऊन हसतात, हे मला तेव्हा कळलं.

*

हेच हेर फोग्ट पुढच्या महिन्यात पुन्हा फोनवर. या वेळी पाटणकरांची फाइल.

"तुमच्या गिऱ्हाइकांच्या अर्जासोबत हाताने लिहिलेलं एक पत्र आलंय. लिपी आम्हाला वाचता येत नाही. तुम्ही मराठी आहात ना? मी फोटो पाठवतो. त्यात दावा असेल तर मला त्याची नोंद करावी लागेल."

फोटो उघडला. सुरेख वळणदार अक्षर, रेघ न आखता सरळ ओळी. कुसुमकाकू! सुनेच्या पाकिटात त्यांनी हळूच स्वतःचं पत्र सरकवलं होतं.

मी वाचून भाषांतर करत गेले. ‘आपण आम्हाला सुखरूप घरी आणलंत, त्याबद्दल आभारी आहे. परतीच्या विमानात जेवणही दिलंत. माझी एक विनंती आहे. आमचे सहलीचे जे काही पैसे आपण देणं लागत असाल, ते थोडे उशिरा आले तरी चालतील. आधी हॉटेलच्या मिगेलला द्यावेत. त्याच्या घरी बाळ यायचं आहे. इंग्रजीत लिहू शकले असते, पण मनातलं लिहायचं होतं म्हणून मराठीत लिहिलं. आपण कोणाकडून तरी वाचून घ्यालच.’

पलीकडे पेनाची खरखर ऐकू आली.

"म्हणजे," हेर फोग्ट सावकाश म्हणाले, "या बाई दावा करतायत. पण स्वतःसाठी नाही."

"हो."

"दुसऱ्यासाठी."

"हो."

"त्यासाठी आमच्याकडे फॉर्म नाही."

"मला वाटलंच."

"मी विचारलं सगळ्यांना. खरंच नाही." त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. मग म्हणाले, "फॉर्म नाही, त्यामुळे पत्र फाइलला लावता येत नाही. सध्या ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर लावलंय. बाईंना कळवा. आणि विचारा, बाळाचं काय झालं ते त्यांना कळलं का?"

मी काकूंना सांगलीला फोन लावला. काकू म्हणाल्या, "मुलगी! मिगेलने फोटो पाठवलाय. त्या साहेबांचा नंबर दे, त्यांनाही पाठवते."

*

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, आणि आम्हीही बोललो नाही. गिऱ्हाइकांना कागद होता. आमच्या ब्युरोला नव्हता. कंपनीकडून मिळायचं कमिशन कंपनीबरोबर गेलं, आणि जे बुकिंग आम्ही महिने महिने खपून केलं होतं, तेच रद्द करायला आम्ही आणखी महिने फुकट खपत होतो.

एके दिवशी फ्राउ हेगेले मला म्हणाल्या, "डिसेंबरपर्यंत बघते. मग दुकानाचं काय ते ठरवू." आणि पामच्या झाडावरची धूळ पुसायला लागल्या. एकेक पान. मला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन मी नवऱ्याजवळ रडले. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने नीलेशला सांगितलं, नीलेशने सगळ्यांना.

सोमवारपासून रांग लागली. चिन्मय आला, पुढच्या उन्हाळ्याचं पॅकेज हवं म्हणाला. "कुठलं?" तर म्हणे, "कुठलंही. झाडाच्या भाड्यासकट." शरयूने हॅनोव्हरच्या भावाचंही बुकिंग आणलं. माझ्या ओळखीचे नसलेले मराठी लोक आले. फ्राउ हेगेले हरखून गेल्या, पण जराशा घाबरल्याही. "अमृता, तुमचा काही सण आहे का? हे सगळे एकदम कुठे निघालेत?"

शुक्रवारी केतकी आली. तिचे तुर्कस्तानचे पैसे अजून यायचे होते, त्यामुळे हात आखडलेला, हे मला माहीत होतं.

"दोन माणसं, एक मूल, एक रात्र," ती म्हणाली. "नाश्त्यासकट."

"कुठे जायचंय?"

"बॉबलिंगेन."

"केतकी, तू बॉबलिंगेनला राहतेस!"

"माहितीये मला मी कुठे राहते! तू टाइप कर."

फ्राउ हेगेलेंनी काय म्हणतेय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी केतकीकडे बघितलं, मग बाकीच्या आठवडाभराच्या बुकिंगांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. त्या उठल्या. मला वाटलं, आता मिठी मारणार. पण त्या अस्सल स्वाबियन, म्हणजे इथल्या मितभाषी मुलखातल्या बाई! त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "स्टेशनजवळच्या हॉटेलात खोल्या रस्त्याकडे आहेत. तलावाकडचं द्या. मुलीला झोप लागेल."

डिसेंबर आला आणि गेला. दुकान आहे अजून.

*

आणि आता आप्पा.

आप्पा जोगळेकर म्हणजे सिंडेलफिंगेनच्या रोहितचे वडील. साताऱ्याकडे पाटबंधारे खात्यात होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं, त्याचं पाळीपत्रक करण्यात उभी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण पाळीपत्रक सुटलं नाही. घरातही कागदावर तक्ता करून भिंतीला लावतात. बायकोची, म्हणजे माईंची, चहाची वेळही त्यात असते.

त्या उन्हाळ्यात रोहितने दोघांना क्रीट बेटावर पाठवलं होतं. आठवड्याचं पॅकेज. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली, आणि दोघंच असे कुठे गेलेले नव्हते. आप्पांनी जायच्या आधीच आठवड्याचा तक्ता केला. मला कौतुकाने दाखवायला आणला. त्यात ‘सकाळी सात दहा: समुद्र पाहणे’ आणि ‘सात चाळीस: परत’ असं लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सहावा दिवस गुरुवारचा होता. कंपनी बुडाली, परतीचं विमान रद्द झालं.

आप्पांचा फोन आला. आवाज खणखणीत, पण आतून हललेला. "अमृता, शनिवारपासूनचे रकाने रिकामे आहेत."

"आप्पा, घाबरू नका. निधी तुम्हाला दुसऱ्या हॉटेलात हलवतोय. विमानाची सोय झाली की मी कळवते. दोन-तीन दिवस लागतील. राहणं-खाणं त्यांच्याकडे."

"ते ठीक आहे. पण करायचं काय?"

"काही नाही. थांबायचं."

"थांबायचं, हे तक्त्यात कसं लिहायचं?"

माईंची तब्येत, औषधं, भारतात परतायचं तिकीट, या सगळ्याची रोहितला काळजी. तो मला तासातासाला फोन करत होता. शुक्रवारी आप्पांचे मला पाच फोन आले. शनिवारी एक. रविवारी एकही नाही. आता मात्र मीच घाबरले.

सोमवारी विमान नक्की झालं आणि मी हॉटेलवर फोन लावला. माईंनी घेतला.

"माई, कशा आहात? आप्पा कुठेत?"

"अगं, हे पाण्यात आहेत."

"पाण्यात? काय करतायत?"

"काही नाही." माई हसल्या. "नुसते आहेत. सकाळपासून. मधे येऊन मला घेऊन गेले, गुडघाभर पाण्यात उभं केलं. म्हणाले, बघ, हे कोणी सोडत नाही आणि कोणी बंद करत नाही."

"माई, चांगली बातमी आहे. उद्या सकाळचं विमान मिळालंय."

माईंनी वेळ पुन्हा विचारून घेतली.

"उद्याच का गं?" माई म्हणाल्या.

ती दोघं सुखरूप आली, ठरल्या तारखेला भारतात परत गेली. पुढच्या वर्षी जूनच्या शेवटी पुन्हा लेकाकडे आली. आणि एका दुपारी आप्पा एकटेच आमच्या ऑफिसात. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. फ्राउ हेगेलेंना नमस्कार करून माझ्यासमोर बसले.

"माईला आणि मला कुठेतरी जायचंय. आठवडाभर."

"वा! कुठे देऊ? क्रीटच परत?"

"जागा कुठलीही दे. ती अडचण नाही." आप्पा जरा पुढे वाकले. आवाज खाली आणला. "तो कागद मिळतो ना, तसलं पॅकेजच दे. रीतसर. फक्त कंपनी अशी बघ, की जी जरा बुडायच्या बेतात आहे."

मला इतकं हसू आलं, की डोळे पुसावे लागले. आप्पा हसत नव्हते. फ्राउ हेगेलेंनी मान वर करून विचारलं, "काय म्हणतात?"

मी कसंबसं हसू आवरून शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. म्हटलं, आता या बाईही हसतील.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि आप्पांकडे बघितलं. बराच वेळ. आप्पांनीही त्यांच्याकडे बघितलं. मग फ्राउ हेगेले वाकल्या, टेबलाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडला, तळातून एक कॅटलॉग काढला आणि आप्पांपुढे सरकवला.

"जुलैचं घेऊ नका," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरचं घ्या."